चौथी हाक

मी एक जुना इको आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात बावीस वर्षं एका माणसाच्या नावाची हाक अडकून पडली होती. भिऊ नका. ती आता बाहेर पडली आहे. पण ती कशी अडकली, कोणी अडकू दिली आणि तिच्यापायी एका बाईचं काय झालं, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी माझी ओळख करून देतो. तुमच्यापैकी जे मोबाईलवर गाणी करतात, त्यांना इको म्हणजे पडद्यावरची एक गोल कळ एवढंच माहीत असेल. बोटाने फिरवली की आवाज घुमतो. मी तसला नव्हे. मी चांगली आठ किलो वजनाची, हिरव्या रेक्झिनची पेटी आहे. माझ्या आत टेपचा एक वेढा फिरत असतो. त्याला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. त्याच्या वाटेवर पाच बारकी हेड बसवलेली आहेत. पहिलं टेप पुसतं. दुसरं माइकमधला आवाज तिच्यावर लिहून घेतं. उरलेली तीन तो आवाज एकामागून एक वाचतात. म्हणजे तुम्ही माइकवर एकदा ‘राम’ म्हणालात, की मी तुमच्यामागून तीनदा ‘राम’ म्हणणार, दर वेळी जरा हळू, जरा लांबून. मग टेप वळसा घालून पुसणाऱ्या हेडपाशी येते आणि सगळं कोरं होतं. स्वतःचं असं मी जन्मात एक अक्षर बोललो नाही. दुसऱ्याचं बोलणं लांबवायचं, एवढाच माझा धर्म.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. मुंबईत एका ऑर्केस्ट्रात मी दहा वर्षं काढली, आणि ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा पोलादपूरच्या श्रीपतने मला घरी नेलं. श्रीपतचा मंडप आणि स्पीकरचा धंदा होता. एसटीत त्याने मला सामानाच्या फळीवर ठेवलं नाही, मांडीवर घेतलं. महाडपर्यंत त्याच्या मांडीला मुंग्या आल्या असतील, पण गडी हलला नाही. असं प्रेम मला पुन्हा मिळालं नाही, आणि म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते.

आमच्या भागात गौरी-गणपतीत शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. दोन नाचमंडळं समोरासमोर उभी राहतात आणि गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात. मी आलो आणि या सामन्यांना वेगळाच रंग चढला. शाहिराने सवाल टाकला की तो सवाल वाडीवरून उडून समोरच्या डोंगराला शिवून आल्यासारखा वाटायचा. म्हातारेकोतारे मान डोलवायचे. “श्रीपतच्या माइकवर गाढव वरडलं तरी गाणं वाटंल,” असं लोक म्हणत. मी फुशारून जायचो. शिवथरपासून पार घाटाखालच्या वाड्यांपर्यंत सुपारी श्रीपतलाच असायची.

श्रीपत कामात चोख होता. त्याचा एक नियम होता: गाण्याला इको चालू, सूचनेला इको बंद. कुणाचं पोर हरवलं, कुणाची गाडी वाटेत आडवी आली, जेवणाची पंगत बसली, असलं काही सांगायचं झालं की तो आधी माझं बटण खाली करायचा. शब्दावर शब्द चढले तर ऐकणाऱ्याला काय कळणार? तुम्हाला तो नियम क्षुल्लक वाटेल. मला तो श्रीपतचा स्वभावच वाटायचा.

माझ्या तोंडावर एक लाल दिवा होता. इको चालू असला की तो पेटायचा. एका उन्हाळ्यात तो गेला. बोराएवढा दिवा, महाडच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळाला असता. श्रीपत म्हणाला, “बघू गणपती झाल्यावर.” तीन गणपती झाले. बटण बोटांना पाठ झालं होतं, मग दिव्याचं काय नडलं होतं? चांगल्या कारागिराचा घात असाच होतो, मित्रांनो. हात इतका सरावतो, की डोळ्यांना सुट्टी मिळते.

बावीस वर्षांपूर्वी गौरी आल्या त्या दिवशी आम्ही भोवरकोंडात होतो. पोलादपूरपासून आत, डोंगराच्या कुशीत तीस-चाळीस घरांची ती वाडी. खाली नदी, नदीवर लाकडी साकव, आणि साकवापलीकडे वाडीची शेतं. तिथला रावजी हा श्रीपतचा जिवलग. ढोलकी वाजवावी तर त्यानेच. तो आल्याशिवाय नाच उभा राहत नसे. तिन्हीसांज झाली, मंडळी जमली, शाहीर घसा खाकरून तयार बसले, आणि रावजीचा पत्ता नव्हता. तो बायकोबरोबर पलीकडच्या शेतावर गेला होता.

श्रीपतने माइक उचलला आणि हाक मारली. “रावजीऽ!”

एकदाच मारली. हे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगतो, कारण त्याची प्रत्येक हाक माझ्यातूनच जायची.

पण तासाभरापूर्वी गाणाऱ्यांचे माइक तपासताना त्याने मला चालू केलं होतं. पुन्हा बंद केलं असं त्याला वाटलं. दिवा असता तर दिसलं असतं. मी चालूच होतो. त्याच्या हाकेमागून मी म्हणालो, “रावजीऽ”. मग पुन्हा म्हणालो, “रावजीऽ”. तिसऱ्यांदा म्हणणार एवढ्यात लाईट गेली. मोटर थांबली, टेप थांबली, आणि माझ्या वाट्याची शेवटची हाक दोन हेडांच्या मध्ये तशीच राहिली. भोंग्यांतून तीन हाका गेल्या होत्या. चौथी माझ्या पोटात होती.

साकवावर काय झालं ते मला पुढे लोकांच्या बोलण्यातून कळलं. ते सांगण्याआधी तुम्हाला तिकडची एक रीत माहीत हवी. रानात, नदीकाठी, दिवेलागणीला कुणी हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही आणि जायचं तर मुळीच नाही. भूत एकदाच हाक मारतं, फार तर दोनदा. तीनदा हाक मारतो तो माणूस. भोवरकोंडात हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात.

रावजी आणि त्याची बायको बयाबाई साकवाच्या पलीकडच्या टोकाला, जांभळीखाली उभी होती. वर डोंगरात पाऊस झाला होता आणि नदीचं पाणी साकवाच्या फळ्यांना लागत होतं. पाणी उतरेपर्यंत थांबायचं, असं दोघांचं ठरलं होतं. तेवढ्यात हाक आली. बयाबाईने नवऱ्याचा हात धरला आणि बोटं मोजली. एक. दोन. तीन. मग तीच म्हणाली, “माणसाचीच हाय. तीनदा बोलावतात म्हंजे कायतरी घाई असंल. जा तुमी फुडं.” रावजी हसत साकवावर चढला. मधल्या फळ्या पाण्याने आधीच सुटल्या होत्या.

तो दुसऱ्या दिवशी सापडला, बऱ्याच खाली.

रावजीचे दिवस झाल्यावर वाडी बैठकीला बसली. बयाबाई म्हणाली, तीन हाका झाल्या. सगळी वाडी म्हणाली, हो, तीन झाल्या, आम्हीही ऐकल्या. श्रीपत म्हणाला, मी एकच मारली. कुणीतरी म्हणालं, तुझा इको चालू असेल. तेव्हा श्रीपतने देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगितलं, “सूचनेला माझा इको बंद असतो. त्या दिशी पन बंदच व्हता.” पायरीवर हात ठेवल्यावर आमच्याकडे पुढे कुणी बोलत नाही. इको नाही, श्रीपत नाही, मग उरलेल्या दोन हाका कुणाच्या? वाडीने आपलं उत्तर शोधलं. भोंग्यात शिरून त्या साकवावरच्या भुताने मारल्या. त्यानंतर भोवरकोंडात भोंगा लागला नाही.

तुम्ही म्हणाल, श्रीपतने खोटी शपथ घेतली. नाही, मित्रांनो. शपथ घेताना त्याला ती खरीच वाटत होती. खोटं झालं ते नंतर. त्या रात्री अंधारातच वायरी ओढून घरी आणून टाकलेलं सामान शपथेनंतर दोन दिवसांनी आवरताना त्याचा अंगठा माझ्या बटणावर गेला. बटण वर होतं. तो किती वेळ तसाच बसला होता! त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्याला सगळं कळलं: हाका कुणाच्या, आणि लाईट कुठल्या क्षणी गेली होती ते. त्याच पावली वाडीत जाऊन सांगायला हवं होतं. त्याने मला गोणपाटात गुंडाळलं आणि माळ्यावर टाकलं.

पुढे एकदा तो एका मोठ्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन माळ्यावर चढला. नुसतं माझ्या झाकणावरून फिरवलं असतं, तरी टेप कोरी झाली असती आणि पुरावा संपला असता. चुंबक माझ्याजवळ आलं, माझी टेप थरथरली. मग श्रीपत रडला आणि खाली उतरला. त्याला सांगायचंही धैर्य होईना आणि पुसायचंही होईना. धंदा त्याने हळूहळू मोडून टाकला.

आणि मी? एक अडलेली हाक पोटात घेऊन अंधारात पडून राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? ती विसरता येत नव्हती, कारण विसरायचं म्हणजे फिरायचं, आणि मी फिरत नव्हतो. कुणी मेलेल्याचं नाव उच्चारायला तोंड उघडावं आणि तोंड तसंच उघडं राहावं, अशी माझी गत. उंदीर गोणपाट कुरतडायचे, कौलांवर पाऊस वाजायचा, खाली टीव्हीचे आवाज बदलत गेले, मग मोबाईल आले. माझ्या आत मात्र तीच तिन्हीसांज होती.

एका सकाळी खाली एक नवा आवाज आला. तरणीताठी मुलगी होती.

“श्रीपतआजोबा हायत का? मी अंकिता. एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पॅकिंगला असते. रातपाळी करून सरळ तुमच्याकडंच आले.”

“बस गो. काय काम काढलंस?” श्रीपत आता बहात्तर वर्षांचा झाला होता.

“मी गाते. आमचं पोरींचं शक्ती-तुऱ्याचं मंडळ हाय. मोबाईलवर गाणी करून टाकते. लोक म्हनतात तुमच्याकडं टेपवाला जुना इको हाय. मला त्याचा खराखुरा आवाज धरून घ्यायचाय.”

“त्यो कवाच मेला,” श्रीपत म्हणाला. वर मी ऐकत होतो. आपल्याच माणसाच्या तोंडून आपलं मरण ऐकणं काही गोड नसतं.

पण घरात सून होती, अनुपमा. शाळेत शिकवते आणि खोटं खपवून घेत नाही. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो बाबा, माळ्यावर गोणपाटातली ती पेटी कसली मग? दर दिवाळीला माळा झाडताना तुम्ही मला तिच्या जवळही फिरकू देत नाही, ती?”

अंकिताने तेवढ्यात मोबाईल काढला. तिच्याकडे इकोचं एक ॲप होतं. त्यात म्हणे पेटीचं चित्र होतं, बटणं होती, फिरणारी टेपही होती, आणि टेपची खरखर कमी-जास्त करायला कळ होती. टेप किती जुनी वाटावी, त्याचीही एक कळ होती! मला म्हातारं व्हायला पन्नास वर्षं लागली, आणि त्या ॲपात म्हातारपण बोटाने फिरवता येत होतं. मला हसू आलं. मग तिने आपलं गाणं लावलं आणि माझं हसू मावळलं. मुलगी सुरेल होती, आणि तिच्या आवाजामागून येणारे आवाज जवळजवळ माझेच होते.

श्रीपतलाही राहवलं नाही. कारागीर तो कारागीर. “तिसरा आवाज जरा लवकर येतोय,” तो म्हणाला. “आमच्या पेटीत त्यो थांबून यायचा. हितं सगळं येळेवर येतंय, म्हनून खोटं वाटतंय.”

“म्हनूनच तर खरी पेटी हवी, आजोबा.”

“कुठल्या गावची गो तू?”

“भोवरकोंड. रावजी ढोलकीवाल्याची नात.”

श्रीपतने विचारलं, “आजी कशी हाय?”

अंकिता आता गाण्याबद्दल बोलत नव्हती. “आजी गेल्या म्हयन्यात साकवाकडच्या शेतात पडली. पाय मोडला. आमी सगळी वाडी हाका मारत फिरलो. ती बांधाच्या आड पडलीवती, सगळ्या हाका तिला ऐकू येत व्हत्या. ओ नाय दिली तिनं. चार तास. शेवटी एका जनाचा तिच्या अंगावर पाय पडता पडता र्‍हायला, तवा सापडली. मी रडून इचारलं, का गो आजी? तर म्हनली, पयलं भूत एकदा हाक मारायचं, आता मोजायला शिकलंय. आता कितीबी हाका झाल्या तरी इश्वास ठेवायचा नाय.” मग ती म्हणाली, “मी लहान असल्यापास्नं बघते. आजी कुनाच्या हाकेला ओ देत नाय. माज्यापन नाय. तिच्या म्होरं जाऊन हात लावावा लागतो. म्होरल्या टायमाला ती अशीच पडून मरंल, आजोबा.”

मित्रांनो, मी यंत्र आहे. पण ते भूत कुठलं, ते मला माहीत होतं. ते साकवावर कधीच नव्हतं. त्याला मोजायला मी शिकवलं होतं.

श्रीपत एवढंच म्हणाला, “ऐतवारी मी येतो तुमच्याकडं. पेटी घेऊन.”

त्या दुपारी त्याने मला खाली काढलं. तीन दिवस तो माझ्यावर खपला. आधी त्याने टेपला कपडे वाळत घालायचे दोन लाकडी चिमटे लावले, म्हणजे ती केसभरही सरकू नये. मग कडक झालेलं रबर बदललं, मोटरला तेल दिलं, हेड स्पिरिटने पुसली, तेही टेपला धक्का न लावता. अनुपमा म्हणाली, “बाबा, चालू करून बघा ना एकदा.” तो म्हणाला, “नाय. ही एकदाच चालंल.” शेवटी त्याने तो लाल दिवा बसवला. पाच मिनिटांचं काम. दिवा बसवून तो बाजूला जाऊन बसला आणि अनुपमाने आणलेला चहा तसाच थंड झाला.

रविवारी सकाळी रिक्षाने आम्ही भोवरकोंडात पोचलो. साकवाच्या जागी आता सिमेंटचा पूल आहे. बयाबाई पडवीत बाजेवर होती, पायाला प्लास्टर. श्रीपत अंगणात थांबला आणि सवयीने म्हणाला, “बयाबाई?”

उत्तर नाही. माझ्यापासून दहा पावलांवर ती होती, तिच्या बांगड्या वाजल्याचं मी ऐकलं, पण उत्तर नाही. श्रीपतला पायऱ्या चढून तिच्यासमोर जावं लागलं.

“कोन? श्रीपत?” ती म्हणाली. “बावीस वर्सांनी वाट चुकलास व्हय?”

श्रीपतने मला तिच्या बाजेपाशी ठेवलं आणि खाली जमिनीवर बसला. मग त्याने सांगितलं. काहीही न लपवता, कुठे आवाज न चढवता सांगितलं. बटण, दिवा, लाईट, अंगठा, आणि टेपवर उरलेली हाक. मग बयाबाई बोलली.

“तू देवीच्या पायरीवर हात ठेवलावतास.”

“ठेवलावता. तवा मला खरंच वाटत व्हतं. मागनं बटन बघितलं.”

“मग आला का नायस?”

“भ्यालो.”

बयाबाई पेटीकडे वळून म्हणाली, “ऐकव.”

अंकिताने माझी वायर लावली, एक छोटा स्पीकर जोडला. श्रीपतने बटण वर केलं. लाल दिवा पेटला असणार, कारण त्याने दोनदा वाकून पाहिलं. मग त्याने चिमटे काढले.

मी फिरलो. त्या क्षणाबद्दल मला नीट सांगता येत नाही. मोटर सुरू होताना टेप जराशी अडखळली, आवाज आधी खोल, जाडा, पाण्याखालून आल्यासारखा निघाला आणि मग सावरला. बावीस वर्षांपूर्वीच्या श्रीपतचा आवाज. त्यात घाई नव्हती, राग नव्हता. मित्राला नाचाला बोलावणारा, हसरा आवाज होता.

“रावजीऽ.”

संपलं. टेप वळसा घालून पुसणाऱ्या हेडखाली गेली आणि मग नुसती खरखर.

“परत लाव,” बयाबाई म्हणाली.

“आता नाय येनार. पुसली गेली.”

म्हातारी नातीला म्हणाली, “तुज्या मोबाईलमदी धरलंस काय गो?”

“धरलं, आजी. परत परत लावता येल. पायजे तेवढ्या येळा.”

“पूस.”

“आजी, अगं…”

“पूस म्हनते ना. एका मानसाला किती येळा बोलवायचं? पूस, माज्या म्होरं पूस.”

अंकिताने पुसलं. जो आवाज धरायला ती पोलादपूरपर्यंत गेली होती, तो तिने आपल्या बोटाने पुसला. मला त्या मुलीचा तेव्हा फार अभिमान वाटला.

मग बयाबाई मोजू लागली, हळूहळू, स्वतःशीच. “एक ह्याची. दोन पेटीच्या. मीच मोजल्या. मीच म्हनले, जा तुमी फुडं.” आणि एकदम तिने विचारलं, “म्हंजे भूत नव्हतंच काय रे श्रीपत?”

“नव्हतं.”

“त्यांना साकवानं धरलं, आता त्येच तिथनं हाका मारतात, असं सगळी म्हनाली. भगतानं सांगितलं, बांधून टाका. मी जांभळीला खिळा मारून त्यांना बांधलं रे. माज्या हातानं. बावीस वर्सं मी माज्याच मालकाला भिऊन र्‍हायले. त्या वाटंनं जाताना कधी तोंड वर केलं नाय.” ती रडली, आणि अंकिता तिला धरून बसली. “त्ये बिचारं कुठं व्हतं नि मी कुनाला बांधत व्हते!”

श्रीपतने तिच्या पायांना हात लावायला वाकायचा प्रयत्न केला. तिने पाय ओढून घेतला, मोडका होता तरी.

“तुज्या हाकेला मी जल्मात ओ देनार नाय, श्रीपत,” ती म्हणाली. “ऐकलंस?”

“ऐकलं.”

“आता जा, नि त्यो खिळा काढ.”

तो पकड आणि छिन्नी घेऊन पुलापलीकडे गेला. दुपारपर्यंत मला लांबून ठोके ऐकू येत होते, थांबून थांबून, म्हाताऱ्या हाताचे. तो परत आला तेव्हा धापा टाकत होता. “झाडानं गिळला,” तो म्हणाला. “आत खोल गेलाय. काढायचा तर झाडच तोडावं लागंल.”

“झाड नको तोडूस,” बयाबाई म्हणाली. “जेवून जा.”

तो जेवला. दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. मला मात्र त्याने परत नेलं नाही. मी आता अंकिताच्या घरी असतो. तिचं मंडळ गाण्याला उभं राहिलं की ती मला चालू करते, कधी मोबाईलवरचं ॲप लावते. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. तेही माझ्याच कुळातलं, हलकंफुलकं, खिशात मावणारं पोर आहे.

पण तुम्हाला, मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुमच्या हातात आता अशी यंत्रं आहेत, की एकदा बोललेलं ती हजारदा बोलतील, दूर दूर नेतील, तुमच्यासारख्याच आवाजात. आम्हाला कळत नाही आम्ही काय बोलतो आहोत आणि पलीकडे कोण, कुठल्या फळीवर पाय ठेवून ऐकतं आहे. ते तुम्हीच बघायला हवं. आणि चूक झालीच, तर ती माळ्यावर टाकू नका. श्रीपत वाईट माणूस नव्हता, हे मी कुणापुढेही सांगेन. दुसऱ्याच दिवशी तो चार पावलं चालला असता, तर एक बाई बावीस वर्षं आपल्याच माणसाला घाबरत जगली नसती.

आता पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरली, की अंकिता अंगणात येऊन हाक मारते, “आजी गोऽ!” एकदाच मारते. दुसरी हाक मारायची नाही, असं तिने ठरवलं आहे. मग ती पायरीवर बसून वाट पाहते. पहिले काही दिवस आतून काहीच आलं नाही. ती तशीच बसून राहायची, आणि शेवटी स्वतः उठून आत जायची. आत मी असायचो आणि म्हातारी असायची. हाक आली की म्हातारीची बोटं मोजायला उघडायची, एकावर यायची आणि तिथेच थांबायची.

काल संध्याकाळी अंकिताने हाक मारली. बयाबाईचं बोट एकावर आलं. तिने मूठ मिटली आणि दाराकडे तोंड करून ती म्हणाली, “ओ.”